संदेश पोहोचतो, हजेरीचे काय?

माणूस एका ठिकाणी बसलेला असावा आणि त्याचा आवाज व चेहरा त्याच क्षणी हजारो किलोमीटरवर पोहोचावा, ही गोष्ट दोन पिढ्यांपूर्वी केवळ कल्पनेत शक्य होती. आज ती इतकी सवयीची झाली आहे की तिच्याविषयी काही प्रश्न विचारावा असे आपल्या मनातही येत नाही. नीरेकाठच्या अकलूजसारख्या गावातून मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात, नोकरीसाठी मुंबईला जातात, काही सौदी अरेबिया, कतर किंवा दुबई गाठतात. ईदच्या दिवशी नमाज अदा करून घरी परतलेल्या वडिलांच्या हाती फोन दिला जातो, पडद्यावर मुलगा दिसतो, सलाम होतो, दुआ दिली जाते आणि मुलगा ईदला घरी येऊन गेला असे सर्वांना वाटते.

हे वाटणे कितपत खरे आहे? समोर दिसणे म्हणजे हजर असणे काय? हा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटला तरी मुळात तो धर्माचा व नीतीचा आहे. कारण आपली कितीतरी कर्तव्ये हजेरीशी बांधलेली आहेत. जमाअतची नमाज, निकाहची साक्ष, हज, आजाऱ्याची विचारपूस, जनाज्याला खांदा देणे आणि वृद्ध आईवडिलांची सेवा या सर्वांत माणसाने कोठे असावे याला अर्थ आहे. म्हणून हे यंत्र नेमके काय पोहोचवते आणि काय पोहोचवत नाही, हे श्रद्धावंताने समजून घेतले पाहिजे.

अकलूजमधून जेद्दाहला पाठविलेल्या एका संदेशाचा प्रवास पाहू. फोन त्या संदेशाचे अंकांत रूपांतर करतो आणि त्याचे लहान लहान तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यावर, टपालाच्या पाकिटावर असावा तसा, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. रेडिओ लहरींवर स्वार होऊन हे तुकडे जवळच्या टॉवरपर्यंत जातात. टॉवरपासून पुढे बहुतांश प्रवास बिनतारी नसतोच; जमिनीखालच्या काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने तो होतो. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाशी टाकलेल्या केबल पश्चिमेकडे जातात. वाटेतील प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र पत्ता वाचते आणि तुकड्याला पुढच्या नाक्याकडे धाडते. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोहोचतात. शेवटच्या ठिकाणी त्यांची पुन्हा क्रमवार जुळणी होते. एखादा हरवला तर तो पुन्हा मागविला जातो, मिळाला तर पोच दिली जाते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या या पद्धतीवरच आजचे इंटरनेट उभे आहे. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र हरवलेल्या तुकड्यासाठी थांबायला वेळ नसतो, म्हणून तो बहुधा सोडून दिला जातो. बोलता बोलता चेहरा गोठतो किंवा शब्द तुटतो तो त्यामुळेच.

या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या अल्लाहच्याच सृष्टीचा भाग आहेत. मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचे गणित मांडले, हर्ट्झ यांनी त्या प्रयोगाने दाखविल्या आणि १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडची घंटा या लहरींनी वाजवून दाखविली. आपल्या परिसराचाही या इतिहासाशी संबंध आहे. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्यात बिनतारी तारायंत्राची सेवा सुरू झाली, तेव्हा पुण्याजवळच्या खडकीहून संदेश पाठविले जात आणि अकलूजपासून फार दूर नसलेल्या दौंड येथे ते स्वीकारले जात.

याच्या पुढची पायरी म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांवर चढविलेल्या संचात दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखविली जातात. दोन डोळ्यांना पडणाऱ्या या फरकातूनच मेंदूला खोलीची जाणीव होते, हे व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये सिद्ध केले होते. संचातील संवेदक मान वळल्याचे क्षणार्धात ओळखतात आणि त्यानुसार चित्र बदलतात. सेकंदाला ७२ किंवा त्याहून अधिक वेळा ते नव्याने रेखाटले जाते. त्यामुळे आपण त्याच जागी उभे आहोत असे मनाला वाटू लागते. येथे अकराव्या शतकातील इब्नुल हैसम यांची आठवण होते. प्रकाशाच्या शास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, पाहणे म्हणजे नुसता डोळ्यात शिरलेला प्रकाश नव्हे. त्यावर मन निवाडा करते, आणि तो निवाडा चुकूही शकतो. आभासी वास्तवाचे सारे कौशल्य या निवाड्यालाच भुलविण्यात आहे.

सारांश, जाळे चिन्हे पोहोचवते. आवाजाचे चिन्ह, चेहऱ्याचे चिन्ह, जागेचे चिन्ह. डोळा आणि कान यांच्यापुरते ते काम उत्तम होते. हात, खांदा आणि जबाबदारी मात्र जेथल्या तेथेच राहतात.

इस्लामने दूरवरच्या संदेशाला कधीही कमी लेखलेले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोमचा सम्राट हिरॅक्लियस आणि इजिप्तचा मुकौकिस यांना पत्रे पाठवून सत्याचे आवाहन केले. हजरत जिब्रील (अ.) यांचा सलाम प्रेषितांनी हजरत आयेशा (रजि.) यांना सांगितला, तेव्हा न दिसलेल्या त्या सलामालाही त्यांनी उत्तर दिले. म्हणजे सलाम, उपदेश, विचारपूस, ज्ञान आणि दुआ या गोष्टी संदेशातून पोहोचतात आणि त्यांचे पुण्यही मिळते. प्रश्न उरतो तो संदेशाच्या पलीकडच्या गोष्टींचा. त्याबाबत फिकहच्या विद्वानांनी, फोन नव्हता त्या काळी, जो सूक्ष्म विचार करून ठेवला आहे तो आज अधिकच उपयोगी पडतो.

पहिले उदाहरण बाजाराचे घेऊ. अकलूजचा घोडेबाजार प्रसिद्ध आहे. परराज्यांतून जातिवंत घोडे येतात आणि बाजारापूर्वीच त्यांच्या चित्रफिती फोनवरून फिरू लागतात. तरीही जाणकार खरेदीदार घोड्याभोवती फिरतो, दात पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चाल चालवून घेतो आणि मगच किंमत बोलतो. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहकाला एक हक्क दिलेला आहे. त्याला ‘खियारे रूयत’ म्हणतात. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर सौदा कायम ठेवायचा की मोडायचा हे ठरविण्याचा तो हक्क होय. शाफई मजहबात तर प्रबळ मतानुसार न पाहिलेल्या वस्तूची विक्रीच मान्य नाही. हनफी विद्वान यासाठी हजरत उस्मान (रजि.) आणि हजरत तल्हा (रजि.) यांच्या व्यवहाराचा दाखला देतात. हजरत उस्मान यांनी इराकमधील आपली जमीन हजरत तल्हा यांना विकली आणि ती दोघांनीही पाहिलेली नव्हती. हा हक्क कोणाचा, असा प्रश्न निघाला तेव्हा हजरत जुबैर बिन मुतइम (रजि.) यांनी ग्राहकाच्या, म्हणजे हजरत तल्हा यांच्या बाजूने निवाडा दिला.

याहून लक्षणीय आहे ते ‘पाहणे’ या शब्दाचे त्यांनी केलेले विवरण. हनफींच्या ‘हिदाया’ या मान्यवर ग्रंथात सांगितले आहे की, स्वारीच्या जनावराचा चेहरा व मागचा भाग पाहिला की ते पाहिल्यासारखे होते. मांसासाठी घ्यावयाची बकरी हाताने चाचपावी लागते. दुधासाठी घ्यायची तर तिची कास पाहावी लागते. आणि खाद्यवस्तू चाखल्याशिवाय पाहिली असे होत नाही. अंध व्यक्तीची खरेदी तर स्पर्शाने, वासाने किंवा चवीने पूर्ण होते. म्हणजे हजेरीचे एकच माप नाही. ज्या वस्तूचे जे प्रयोजन, त्यानुसार कोणती जाणीव आवश्यक आहे हे ठरते. आजच्या प्रत्येक दूरस्थ व्यवहाराला हीच कसोटी लावता येईल: या कामाचे प्रयोजन काय आणि जाळ्यातून पोहोचते तेवढे त्या प्रयोजनाला पुरते काय?

दुसरे उदाहरण करारांचे. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मार्च १९९० मध्ये दूरसंपर्काच्या आधुनिक साधनांतून होणाऱ्या करारांविषयी ठराव केला. सर्वसाधारण व्यवहारांत अशा साधनांतून केलेला प्रस्ताव व स्वीकार ग्राह्य मानण्यात आला. मात्र काही गोष्टी वगळल्या गेल्या. निकाहसाठी साक्षीदार आवश्यक असतात म्हणून तो वगळला. चलनाची अदलाबदल हातोहात व्हावी लागते म्हणून ती वगळली. मालाची आगाऊ खरेदी, म्हणजे सलम, त्यात रक्कम आधी द्यावी लागते म्हणून तीही वगळली. विद्वानांनी यंत्राला हराम म्हटले नाही की डोळे मिटून त्याचा स्वीकारही केला नाही. प्रत्येक कराराला काय हवे ते त्यांनी पाहिले.

मग परदेशी असलेल्या मुलाने निकाह करायचाच नाही काय? शरीअतने त्याची वाट केव्हाच दाखवून ठेवली आहे. हजरत उम्मे हबीबा (रजि.) हबशा देशात होत्या आणि प्रेषित (स.) मदीनेत होते. प्रेषितांचा निरोप घेऊन दूत नजाशी राजाकडे गेला, नजाशीने प्रेषितांच्या वतीने निकाहचा प्रस्ताव मांडला आणि हजरत खालिद बिन सईद (रजि.) यांनी उम्मे हबीबा यांचे वकील म्हणून तो स्वीकारला. आजही फोनवरून वकील नेमावा आणि त्या वकिलाने मजलिसमध्ये साक्षीदारांसमोर बसून कबूल करावे, असाच मार्ग आपले उलेमा सुचवतात. फोनने अधिकार पोहोचविला; मजलिसमधील जागा मात्र एका जित्याजागत्या माणसाने भरली.

तिसरे उदाहरण हजचे. डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियात हजरे अस्वदचे आभासी दर्शन घडविणारा उपक्रम सुरू झाला. संच डोळ्यांवर चढवावा आणि त्या पवित्र दगडासमोर उभे असल्याचा अनुभव घ्यावा, अशी त्याची योजना. साहजिकच, याला हज म्हणता येईल काय, अशी चर्चा जगभर झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या दियानत या धार्मिक व्यवहार विभागाने स्पष्ट केले की, आभासी जगात काबागृह पाहता येईल, पण त्याला उपासनेचे स्थान नाही. हज करणाऱ्याच्या तोंडी सतत असलेल्या ‘लब्बैक’ या शब्दाचा अर्थच ‘मी हजर आहे’ असा आहे. चालून थकलेले पाय, अराफातची उन्हे, अनोळखी बांधवाचा लागलेला धक्का आणि तो सोसण्याचा सब्र या सर्वांसह ती हजेरी असते. निघण्यापूर्वी तवाफ आणि सई समजून घेण्यासाठी हे साधन जरूर वापरावे. एखाद्या वृद्धेच्या मनातली ओढ त्याने वाढली तर तेही चांगलेच. पण सराव वेगळा आणि अदायगी वेगळी.

येथेही असमर्थाला शरीअतने वाऱ्यावर सोडलेले नाही. खसअम कबिल्यातील एका स्त्रीने प्रेषितांना (स.) विचारले की, माझ्या वडिलांवर हज अनिवार्य झाला आहे, पण ते इतके वृद्ध आहेत की वाहनावर बसू शकत नाहीत, मी त्यांच्या वतीने हज करू काय? प्रेषितांनी तिला अनुमती दिली. हाच हजे बदल. वडील जाऊ शकत नव्हते, तेव्हा त्यांच्या जागी त्यांची कन्या आपले पाय घेऊन गेली.

या उदाहरणांतून एक तत्त्व समोर येते. जेथे माणसाने स्वतः असणे आवश्यक आहे आणि तो येऊ शकत नाही, तेथे शरीअतने त्याची रिकामी जागा प्रतिमेला दिलेली नाही; विश्वासू माणसाला दिलेली आहे. निकाहमध्ये वकील, हजमध्ये नायब. कारण प्रतिमेला काही विचारता येत नाही, तिच्यावर काही सोपविता येत नाही आणि तिला जाबही देता येत नाही. माणसावर अमानत सोपविता येते.

यावर कोणी म्हणेल की, कर्मांचा आधार नियत आहे. मन तेथे असेल तर शरीर कोठेही असले म्हणून काय बिघडले? हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. तबूकच्या मोहिमेवरून परतताना प्रेषितांनी (स.) सहकाऱ्यांना सांगितले की, मदीनेत मागे राहिलेले काही लोक असे आहेत की जे प्रत्येक वाटेवर व प्रत्येक खोऱ्यात तुमच्यासोबतच होते, त्यांना केवळ अडचणीने रोखून धरले होते. म्हणजे अनुपस्थितालाही सोबत असल्याचा मान मिळू शकतो. पण त्यासाठीची अट याच हदीसमध्ये आहे. ती उज्रची, म्हणजे खऱ्या अडचणीची. त्याच मोहिमेत काही अडचण नसता मागे राहिलेल्यांना हा मान मिळाला नाही. तेव्हा दूर असलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझी गैरहजेरी उज्रची आहे की सोयीची?

माळशिरस तालुक्यात दरवर्षी हंगामात बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. म्हातारी माणसे गावी ठेवून ते फडात राबतात आणि रात्री कोपीत बसून फोनवर आईची चौकशी करतात. त्यांची गैरहजेरी पोटासाठी आहे आणि अल्लाह ती जाणतो. आखातात कर्ज फेडण्यासाठी राबणाऱ्या मुलाचेही तसेच. परंतु तासाभराच्या अंतरावर राहून, रजा असून, गाडी असून जो मुलगा व्हिडिओ कॉलवर हक्क फिटला असे मानतो, त्याने थोडे थांबून विचार करावा.

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांविषयी आदेश देताना, ते तुझ्यापाशी असताना वार्धक्याला पोहोचले तर, अशा आशयाचा शब्द आला आहे. वार्धक्य आणि ‘तुझ्यापाशी’ हे दोन्ही तेथे एकत्र आहेत, आणि ते सहेतुक आहे. फोनवर अम्मी ‘मी बरी आहे’ असे म्हणते. चौकटीत तिचा हसरा चेहरा दिसतो. सुजलेले पाय चौकटीबाहेर राहतात. औषधाची पट्टी संपली आहे काय, जिन्याचा कठडा हलतो काय, रात्री उठताना तिला आधार लागतो काय, हे पडदा सांगत नाही, कारण ते त्याला कोणी विचारलेलेच नसते. एका हदीसमध्ये आले आहे की, कियामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? माणूस चकित होईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याला भेटायला गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी आढळलो असतो. येथेही ‘त्याच्यापाशी’ हाच शब्द आहे.

म्हणून ज्याला खरोखर येता येत नाही, त्याने कॉल जरूर करावा, रोज करावा, पण त्याबरोबर आपला एक नायब नेमावा. गावातला भाऊ, बहीण, पुतण्या, शेजारी किंवा मोबदला देऊन ठेवलेली विश्वासू व्यक्ती. त्याच्यावर काम स्पष्टपणे सोपवावे, त्याचा खर्च उचलावा आणि त्याचे उपकार मानावेत. बहुतेक घरांत असा नायब आधीच असतो. गावी राहिलेली बहीण किंवा धाकटी सून सारे करते आणि ईदच्या कॉलवर कौतुक मात्र दूरच्या मुलाचे होते. हा अन्याय आहे. जिच्या पायांवर आपले कर्तव्य उभे आहे तिचा हक्क ओळखणे, हाही त्या कर्तव्याचाच भाग होय.

आणखी एक बाजू उरते. हे साधन दूरच्याला जवळ आणते, तसेच जवळच्याला दूरही नेते. संच जितका उत्तम, तितका तो घालणारा खोलीतून नाहीसा होतो. पुढच्या काळात हे संच स्वस्त होतील, आपल्या घरांत येतील आणि शेजारी बसलेल्याला आपण दिसत राहू, पण हजर नसू. साध्या फोननेही दस्तरख्वानावर हे सुरू झालेच आहे. प्रेषितांच्या (स.) वर्णनात आले आहे की, ते कोणाकडे वळत तेव्हा संपूर्ण शरीरानिशी वळत. समोरच्या माणसाला आपण पूर्ण हजर आहोत अशी खात्री देणारी ही सुन्नत आजच्या घरात पुन्हा जिवंत करण्याची गरज आहे.

यमनचे हजरत उवैस करनी हे प्रेषितांच्या काळात हयात होते, पण त्यांची प्रेषितांशी भेट झाली नाही. आईच्या सेवेमुळे ते मदीनेला येऊ शकले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. तरीही प्रेषितांनी (स.) त्यांच्या मातृसेवेचा उल्लेख केला आणि हजरत उमर (रजि.) यांना सांगितले की, ते भेटले तर त्यांच्याकडून स्वतःसाठी क्षमेची दुआ करवून घ्या. जगातील सर्वश्रेष्ठ भेटीला जो मुकला, तो आपल्या आईपाशी हजर होता.

अल्लाहने माणसाला बुद्धी दिली, त्या बुद्धीने लहरींना आणि प्रकाशाला संदेशवाहक बनविले, याबद्दल आपण त्याचे आभार मानू या. सलाम, ज्ञान आणि दुआ त्या वाटेने पाठवू या. आणि जेथे आपण स्वतः जायला हवे तेथे जाण्याची, जाता न आल्यास विश्वासू माणूस नेमण्याची आणि जेथे आहोत तेथे पूर्णपणे हजर राहण्याची शक्ती अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.